घमेल्याखालची मकरूनं

मुंजाजी रेल्वेच्या गँगमध्ये लागला त्या साली कडूबाईच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. चुडाव्याला घर होतं, थोडं कोरडवाहू रान होतं, घरात मुंजाजीची आई दगडाबाई होती. नोकरी मात्र पूर्णेला. रुळाच्या कडेनं रोज एवढं जाणं-येणं पायाला झेपेना, म्हणून नवराबायको पूर्णेला गँगमनांच्या चाळीत एका खोलीत राहायला गेली.

कडूबाईच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. नाव असं, पण बाई बोलायला गोड आणि हाताला त्याहून चपळ. पहाटे ताक घुसळायला बसली की बघता बघता लोणी वर यायचं. त्या हातांमुळंच पुढं गार्डाच्या बंगल्यात तिच्याकडं वेगळं काम आलं.

पूर्णा म्हणजे जंक्शन. तिथं गार्ड आणि ड्रायव्हर यांचे बंगले होते, आणि बरेचसे गार्ड ख्रिस्ती होते. त्यातल्या एकाच्या बायकोला सगळे गार्डीणबाई म्हणत, कारण तिचं खरं नाव चाळीत कुणालाच नीट म्हणता येत नव्हतं. तिची मनगटं संधिवातानं धरली होती. भांडी घासायला ठेवलेल्या कडूबाईला तिनं एकदा ताक करताना पाहिलं, आणि नाताळाच्या आदल्या आठवड्यात तिच्यापुढं एक वाडगं आणून ठेवलं. वाडग्यात अंड्यांचं पांढरं होतं. ते ढवळून ढवळून कापसासारखं करायचं होतं.

"रुकू नक्को, कडू," गार्डीणबाई दखनीत म्हणाली. "फेस खडा होना."

कडूबाईच्या माहेरी अंडी-मटण चालायचं, तिला अंड्याचं काही वाटलं नाही. तिनं ढवळलं. फेस उभा राहिला. गार्डीणबाईनं त्यात पिठीसाखर आणि किसलेलं खोबरं हलक्या हातानं मिसळलं, कागदावर लहान लहान ढीग घातले आणि लोखंडी पेटीसारख्या भट्टीत सरकवले. अर्ध्या तासानं ते बाहेर आले तेव्हा शेंड्याला बदामी रंग चढला होता. पहिलं तिनं कडूबाईच्या हातावर ठेवलं.

वरून कुरकुरीत, आत ओलं, आणि मग तोंडात नुसता खोबऱ्याचा वास. कडूबाईला वाटलं, आपण आजवर खोबरं खाल्लंच नव्हतं.

गार्डीणबाई त्याला मॅकरून म्हणायची. कडूबाईच्या तोंडी त्याचं मकरून झालं. पाच नाताळ तिनं ती केली, आणि शेवटच्या दोन नाताळांना तर गार्डीणबाई नुसती खुर्चीत बसून बघत होती. मग गार्डाला पेन्शन झाली, ते लोक सिकंदराबादला गेले, आणि त्याच महिन्यात मुंजाजीची बदली चुडाव्याच्या गँगवर झाली. कडूबाई आनंदानं सामान बांधून घरी आली.

सामानाच्या आधी बातमी येऊन पोहोचली होती.

शेजारच्या चतुराबाईचा भाचा पूर्णेला इंजिनात कोळसा भरायच्या कामावर होता. त्यानं सांगितलं होतं की मुंजाजीची बायको साहेबाच्या घरी अंडी फेसते आणि खातेसुद्धा. चतुराबाई मारुतीच्या देवळातल्या भजनाची म्होरकी. तिला कळलं म्हणजे गावाला कळलं. आणि दगडाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. नवरा गेल्यापासून तिनं ती एक दिवसही उतरवली नव्हती, आणि तिच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलं नव्हतं.

कडूबाई पाया पडायला वाकली तशी म्हातारी मागं सरकली.

"खरं हाय का?" तिनं विचारलं.

कडूबाईला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "खरं हाय, आत्याबाई. तिथं केलं, खाल्लं. हितं न्हाई करायची."

"मग तू गुरांचं बघ, रानाचं बघ. माझ्या चुलीला आन् माठाला हात लावू नको."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, चार दिवसांत विझलं असतं. दगडाबाईनं आवाजही चढवला नाही. त्या दिवसापासून कडूबाईची भाकरी गोठ्याच्या दारात ठेवलेली असायची आणि पाणी वरून ओंजळीत मिळायचं. मुंजाजी एकदा आईला बोलायला गेला, "बये, असं नको करू," एवढं म्हणाला आणि थांबला. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढं त्याची जीभ उचलत नव्हती.

एक वर्ष असं गेलं. दिवाळी आली. आत दगडाबाई आणि चतुराबाई करंज्या लाटत होत्या, आणि बाहेर गोठ्यात कडूबाई वैरण तोडत पोळपाट-लाटण्याचा आवाज ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या मनानं घेतलं. ज्या पदार्थापायी आपली चूल सुटली, तोच पदार्थ निर्मळ करायचा. अंड्याशिवाय करायचा आणि आत्याबाईंच्या पुढं ठेवायचा.

ठरवणं सोपं होतं. गोठ्याच्या मागं तिनं तीन दगड मांडले. बाजारातून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणल्या, वरची काळी साल खरवडून काढली, बारीक किसलं. साखर पाट्यावर वाटली. नुसतं खोबरं-साखर तव्यावर ठेवलं तर चुरा झाला. पाक केला तर वडी झाली, ती तर गावात कुणालाही येत होती. बेसन घातलं तर लाडवाची चव आली. दही घालून बघितलं, ते फाटलं. फसलेलं सगळं बैलाच्या गव्हाणीत जायचं. बैल इतका सोकावला की ती मागच्या बाजूला गेली की दावं ताणून उभा राहायचा.

त्याच बैलाचा खांदा पौषात जुवानं सुजला. कडूबाईनं पोटीस बांधायला जवस शिजत ठेवलं. आमच्या भागात जवस घरोघर असतं, चटणीला आणि तेलाला. सुजेवर शिजवून बांधतात तेही सगळ्यांना ठाऊक. पण तेवढ्यात म्हशीनं खुंटा उपटला, ती तिच्यामागं पळाली, आणि परत येईतो भांड्यात पाणी जास्त उरून जवस तळाला बसलं होतं. तिनं वरचं पाणी ओतून टाकायला भांडं कलतं केलं. पाणी पडेना. तार धरून लोंबायला लागलं. पांढरट, पारदर्शक, बुळबुळीत.

कडूबाईनं ती तार दोन बोटांत धरून ओढली. पाच वर्षं ज्या वाडग्यात हात घातला होता, त्यातल्या वस्तूसारखीच ही दिसत होती.

बैलाचा खांदा तिनं आधी बांधला. मग ते पाणी गरम असतानाच फडक्यातून पिळून काढलं, गार होऊ दिलं, तोंडाशी निमुळत्या गडव्यात ओतलं आणि रवी घालून दोन्ही तळहातांत फिरवायला लागली. आधी बुडबुडे आले. मग पांढुरकं झालं. हात भरून आले तरी ती थांबली नाही. शेवटी रवी वर उचलली तेव्हा फेस रवीला धरून उभा होता.

ती तिथंच शेणाच्या जमिनीवर बसून हसायला लागली. रानातून आलेल्या मुंजाजीला वाटलं, बाईला काय झालं. तिनं त्याला रवी दाखवली. त्याला काही कळलं नाही, पण वर्षभरानं बायकोला हसताना पाहून तो तिच्या शेजारी उकिडवा बसला, आणि तिनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

आता अडत होतं भट्टीपाशी. तव्यावर खालून जळत होतं आणि वरून कच्चं राहत होतं. वर झाकण ठेवून निखारे टाकले तर पितळी झाकण तापून वाकडं व्हायचं. एका संध्याकाळी मुंजाजी कामावरून आला तो डोक्यावर एक लोखंडी घमेलं घेऊन. रुळाखालची खडी वाहून त्याचा काठ फाटला होता, म्हणून मुकादमानं ते टाकून दिलं होतं.

"तळ जाड हाय," तो म्हणाला. "पालथं घाल. वर निखारे ऱ्हातील."

मग त्यानं बाभळीचा कोळसाही आणला, कारण गोवरीच्या निखाऱ्यांचा धूर मकरूनात उतरत होता. खाली तवा, तव्यात नदीची वाळू, वाळूवर ताटली, ताटलीत तूप लावलेली पळसाची पानं, पानांवर खोबऱ्याचे ढीग आणि वरून पालथं घमेलं. संक्रांत झाली, शिमगा झाला. कधी शेंडे काळे पडले, कधी तळ चिकटले. सुकं खोबरं तोंडात रखरख करायचं, तेव्हा तिनं कीस फडक्यात बांधून वाफेवर धरायला सुरुवात केली, आणि त्यात ओल आली. बैलाला मिळणारा वाटा कमी कमी होत गेला. पाडव्यानंतरच्या एका दुपारी तिनं घमेलं उचललं आणि खाली नऊ मकरूनं बदामी शेंडे वर करून बसली होती.

तिनं एक तोडून बघितलं. मग उरलेली ताटलीत घेऊन पुढच्या दारी गेली आणि सासूपुढं ठेवली.

दगडाबाईनं ताटलीकडं पाहिलं, पण हात लावला नाही.

"ह्येच्यात अंडं हाय."

"न्हाई, आत्याबाई. जवसाचं पाणी हाय."

"अंड्याबिगर असं फुगतंय व्हय?" दगडाबाई म्हणाली आणि ताटली लांब सारली.

चतुराबाई ओसरीवरच बसली होती. तिनं एक मकरून चिमटीत उचलून उन्हात धरलं, वास घेतला आणि परत ठेवून दिलं. जवसाचा कुणी असा फेस केल्याचं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं, असं तिनं ठासून सांगितलं. कडूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. इतके महिने गेले होते, की आता रडण्यात तिला वेळ घालवायचा नव्हता. ती ताटली घेऊन सरळ व्यंकटरावांकडं गेली.

व्यंकटराव म्हणजे गावच्या सप्ताहाचे वीणेकरी. पोथी त्यांनी सांगायची आणि सप्ताहाचा नैवेद्यही त्यांनीच दाखवायचा. हनुमान जयंतीचा सप्ताह चार दिवसांवर आला होता. कडूबाईनं त्यांना सगळं सांगितलं, पूर्णेचं आणि चुडाव्याचं, काही न लपवता. मग विचारलं, शेवटच्या दिवशी मारुतीला माझ्या हातचा नैवेद्य चालेल का.

व्यंकटरावांनी पोथी मिटली. मग म्हणाले, "सूनबाई, मी चालंल म्हणलो तर लोक म्हणतील व्यंकटरावाला फशिवलं. तू पारावर बसून कर. समद्यांच्या म्होरं."

"करते," कडूबाई म्हणाली.

ही गोष्ट चतुराबाईच्या कानावर गेली तेव्हा तिनं आणखी एक अट घातली. जवस आणि खोबरं तिच्या घरचं असेल. साखर, तूप, वेलदोडाही तीच देईल. कडूबाईनं घरून फक्त भांडी आणायची, आणि तीही आधी उघडून दाखवायची. कडूबाई त्यालाही कबूल झाली.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर लिंबाखाली सगळं गाव जमलं. भजनाच्या बाया पुढं, पुरुष मागं, पोरं भिंतीवर. चतुराबाई कडूबाईपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली होती. दगडाबाई लांब देवळाच्या पायरीवर, पदर डोक्यावरून पुढं ओढून. मुंजाजीनं घमेलं आणि कोळसा आणून ठेवला, आणि तो तिथून हलला नाही. कडूबाईच्या मागं उभा राहिला.

चतुराबाईनं जवसाची पुरचुंडी सोडली. कडूबाईनं मूठभर घेऊन हातावर चोळलं. जवस जुनं होतं. दाण्यावर तकाकी नव्हती, दोन-तीन हंगामांपूर्वीचं असावं. मुद्दाम आणलं की सहज हाताला लागलं, ते विचारण्यात अर्थ नव्हता. तिनं नेहमीच्या दुप्पट जवस घेतलं, पाणी कमी ठेवलं आणि जाळ मंद केला.

जवस शिजायला वेळ लागला. बाया आपापसांत बोलायला लागल्या. ती ढवळत राहिली, पळी उचलून बघत राहिली. तार धरत नव्हती. चतुराबाईनं मान वळवून मागच्या बाईकडं पाहिलं. कडूबाईनं आणखी दोन मुठी टाकल्या. शेवटी पळीवरून एक बारीक तार लोंबली, तुटली, आणि दुसरी आली ती तुटली नाही.

ते गाळून गार होईतो तिनं खोबरं किसलं, वाफवलं. मग रवी घेतली. जुन्या जवसाचं पाणी हट्टी होतं. तळहात तापले, खांदे भरून आले, गडव्यात नुसते बुडबुडे. भिंतीवरून कुणीतरी ओरडलं की मावशी ताक करायलीय. लोक हसले. तिनं वर बघितलंच नाही. पूर्णेच्या बंगल्यात पहिल्यांदा वाडगं पुढं आलं होतं तेव्हाही हात असेच दुखले होते, आणि दुखणं ही फेस जवळ आल्याची खूण होती हे तिला ठाऊक होतं. रवी फिरत राहिली. हळूहळू आवाज बदलला, पाण्याचा खळखळाट जाऊन जाडसर घुमायला लागला. तिनं रवी वर उचलली.

पांढरा फेस रवीच्या टोकाला उभा होता.

पुढच्या बाया गुडघ्यांवर उठल्या. चतुराबाईनं बोट पुढं करून फेसाला लावलं आणि जिभेवर ठेवलं. कडूबाईनं तिला लावू दिलं. मग साखर, वेलदोडा, खोबरं, सगळं हलक्या हातानं. पानांवर ढीग घातले, ताटली वाळूवर ठेवली, वरून घमेलं पालथं केलं, त्यावर निखारे पसरले.

"उघडून बघ की," थोड्या वेळानं बाया म्हणायला लागल्या. "जळंल."

"न्हाई उघडत," कडूबाई म्हणाली. "वास सांगतो."

वारा पडला होता. आधी नुसत्या निखाऱ्यांचा वास होता, मग गरम तुपाचा, मग भाजणाऱ्या खोबऱ्याचा, आणि तो वास मागच्या पुरुषांपर्यंत गेला तेव्हा तेही पुढं सरकले. कडूबाई डोळे मिटून बसली होती. तिनं डोळे उघडले, पदर हाताला गुंडाळला आणि घमेलं उचललं.

अठरा मकरूनं होती. एकही जळलं नव्हतं, एकही चपटं झालं नव्हतं.

व्यंकटरावांनी पाच उचलून नैवेद्य दाखवला. बाहेर येऊन प्रसादाची ताटली हातात धरून ते उभे राहिले, आणि पहिला हात कोण पुढं करतो याची सगळे वाट बघायला लागले. चतुराबाई जागची हलली नाही. तेव्हा पायरीवरून दगडाबाई उठली. बायांमधून वाट काढत आली, एक मकरून उचललं आणि तोंडात टाकलं. तिला चारच दात उरले होते. पण मकरूनाला दात लागत नाहीत. ती बराच वेळ ते तोंडात घोळवत राहिली.

मग तिनं कडूबाईकडं पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"घरी चल," ती म्हणाली. "दुपारच्या भाकरी तू टाक. माझ्यानं आता वाकवत न्हाई."

कडूबाईनं खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हातारी या खेपेला मागं सरकली नाही. मागं उभ्या मुंजाजीनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. पारावर मग एकच गर्दी झाली. अठरा मकरूनं ती किती, चिमूटभर चिमूटभर वाटली. चतुराबाईनं आपला वाटा खाल्ला, आणखी एक तुकडा गुपचूप ओटीत टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या घरच्या जवसाची हायेत ही."

कडूबाई हसली. "व्हय काकू. तुमच्याच जवसाची."

त्या वर्षापासून कडूबाईला उसंत मिळाली नाही. बारशाला, साखरपुड्याला तिला बोलावणी यायला लागली. ताडकळसच्या आठवडी बाजारात ती पाटी घेऊन बसायची, आणि दुपार व्हायच्या आत पाटी रिकामी व्हायची. लोक त्यांना खोबऱ्याची बिस्कुटं म्हणत, आणि ती प्रत्येकाला न कंटाळता सांगायची की बिस्कुट न्हाई, मकरून. एकदा नांदेडचा एक मिठाईवाला खास आगगाडीनं आला. त्याला वाटलं होतं इंग्रजी भट्टी असेल. कडूबाईनं त्याला गोठ्यामागं नेऊन घमेलं दाखवलं. तो बराच वेळ त्याच्याभोवती फिरला, मग त्यानं कृती विचारली. ती म्हणाली की ज्याला शिकायचं त्यानं समोर बसून शिकावं, हितं लपवण्यासारखं काही न्हाई. तो बसला, आणि रवी फिरवून फिरवून त्याच्या हाताला फोड आले.

गावातल्या बायाही शिकल्या. पहिली शिकायला आली ती चतुराबाई.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत साखर मिळेना, तेव्हा कडूबाईनं गुळाची मकरूनं करून बघितली. ती काळपट झाली, पण खपली. मग रझाकारांची धामधूम आली. बाजार पातळ झाले, बाया घराबाहेर पडेनात, आणि दोन वर्षं चुडाव्यात कुणी मकरूनाचं नावही काढलं नाही. दगडाबाई त्याच काळात गेली. शेवटच्या आजारात तिला पेज उतरत नव्हती, पण कडूबाईनं दुधात कुस्करून दिलेलं, फक्त तिच्यापुरतं केलेलं मकरून तिनं घेतलं होतं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. गावात कोण रडलं, कोण नाचलं, आणि व्यंकटरावांच्या मुलानं शाळेवर झेंडा लावला. काही दिवसांनी गाड्या पुन्हा नीट धावणार अशी बातमी आली, आणि कडूबाईनं आपल्याकडं शिकलेल्या बायकांना निरोप धाडला की घरात असेल तेवढं खोबरं आणि जवस घेऊन या. सकाळी स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत सहा घमेली ओळीनं पालथी पडली. चतुराबाई म्हातारी झाली होती, तरी एका घमेल्यापुढं तीच बसली होती आणि सुनांवर ओरडत होती. कडूबाई एकीकडून दुसरीकडं फिरत होती, वास घेत होती, हे उचला, ते अजून थांबा, असं सांगत होती.

गाडी आली तेव्हा बाया पाट्या घेऊन डब्यांच्या कडेनं निघाल्या. खिडक्यांतून हात बाहेर आले. कुणी मनमाडकडं निघालेलं, कुणी परभणीला, कुणी वर्षभरानं घरी परतणारं. ड्रायव्हरनं दोन घेतली, आणि गार्ड शिट्टी फुंकायचं विसरून तोंड हलवत उभा राहिला. एका डब्यात पांढरी टोपी घातलेला एक तरुण माणूस होता. त्यानं एक खाल्लं, मग हातातलं दुसरं उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, बाई, हे इंग्रजी दिसतंय, कुठून आणवलं.

"आणवलं न्हाई," कडूबाई म्हणाली. "आमी करतो. हे चुडाव्याचं मकरून हाय."

गाडी हलली. तिच्या पाटीत अजून पाच-सहा उरली होती. ती गाडीबरोबर चालत राहिली आणि ज्या खिडकीतून हात आला त्या हातावर एकेक ठेवत गेली.